डावीकडून ओवायचा दोरा

अन्याय झाला तो सुमनआत्यावर. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास, सौंसरला, तिच्याच ओसरीवर. आत्या तेव्हा जिवंत नव्हती. त्याच पावसाळ्यात गेली होती. मेलेल्या माणसावर अन्याय होत नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

झालं असं. नागपूरकडून एका गाडीतून दोन माणसं आली. जुन्या शिलाई मशीन शोधत गावोगाव फिरत होती. ती अफवा तुम्हीही ऐकली असेल. जुन्या मशीनच्या सुईपाशी म्हणे लाल पारा असतो, तो सोन्यापेक्षा महाग, आणि तो आहे की नाही हे ओळखायचं तर सुईजवळ मोबाइल धरायचा. टॉवर गेला तर पारा आहे. हे खरं मानणाऱ्यांत शिकलेली माणसं भरपूर असतात, हेही इथं नोंदवून ठेवते. त्यांनी आत्याच्या मशीनच्या सुईला मोबाइल लावला. टॉवर गेला. "आमच्या घरी त टॉवर कधी राहतच नाई," वहिनी चहा देता देता म्हणाली, पण तिचं कोण ऐकतं. आत्याच्या मुलानं, माझ्या दिनेशदादानं, "पहा बापा खोलून" म्हणून परवानगी दिली. त्यांनी मशीन उलटी केली, पट्टा ओढून काढला, सुई काढून फेकली. आतून बंदुकीच्या गोळीसारखं दिसणारं एक लांबट शटल, खालच्या दोऱ्याचं घर, निघालं. पारा यातच असणार म्हणून ते पकडीत धरून दाबलं. पकडीचे दात त्याच्यावर अजून आहेत. पारा निघाला नाही, कारण पारा नसतोच. मग हात पुसत त्यांतला एक म्हणाला, "ये तो डुप्लिकेट है. भंगार. नीचे का स्टँड चलेगा, होटल में टेबल बनता है."

डुप्लिकेट. भंगार. टेबल.

मी पत्रकं लिहिते. गावातल्या नळाला पाणी नाही यावर, कॉलेजच्या पोरींना संध्याकाळची बस नाही यावर, वावरात बायांना आडोसा नाही यावर. आमचा मराठी पट्टा हिंदी राज्यात आहे, सरकारी कागद हिंदीत आणि भांडण मराठीत, त्यामुळं दोन्हीकडून लिहिते. पत्रकाची एक रीत असते. वर अन्याय, मधे मागणी, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, आभार. या लेखात मला आभाराची जागा वाढवायची आहे. राग आहेच, तो काही कुठं गेला नाही. पण कापूस पुन्हा फुटला आहे, आणि कापूस फुटला की मला आता आत्या आधी आठवते आणि ती दोन माणसं नंतर.

पांढुर्ण्याहून तिगावकडं निघालं की सध्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं आहे. सकाळी दव असतं तोवर बाया वेचायला उतरत नाहीत, बांधावर शेकत बसतात. ऊन चढलं की पराटीत, कापसाच्या झाडांत, शिरतात. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला बरोबर शोधून टोचतात. पलीकडच्या बगीच्यात अंबिया बहाराचा संत्रा तोडणं चालू असतं, तिकडून सालीचा आंबट-कडू वास येतो आणि वेचणाऱ्या बाया मान वर न करता म्हणतात, "फोडला कोनीतरी. आपल्याले नाई देत." शहरातून येणारे पाहुणे या शेतांचे फोटो काढतात. फोटोत बाईच्या पोटावर एक फुगलेलं गाठोडं दिसतं. त्याला आम्ही ओटी म्हणतो. कंबरेला बांधायची, दोन पट्टे खांद्यावरून मागं न्यायचे, आणि दोन्ही हातांनी वेचलेला कापूस पुढं टाकत जायचं. ओटी नीट शिवलेली असेल तर वजन खांद्यावर येतं. नसेल तर सगळं पोटावर आणि पाठीच्या खालच्या मणक्यावर. हा फरक कोणत्याही फोटोत दिसत नाही.

सौंसर-मोहगावकडच्या कितीतरी बायांची पाठ सुमनआत्यानं वाचवली. हे मी पत्रकातल्यासारखं वाढवून लिहीत नाही. तिची ओटी तळाशी दुहेरी शिवलेली असायची, खांद्याच्या पट्ट्यात जुन्या लुगड्याची घडी भरलेली असायची, म्हणजे रुतू नये. आणि आतल्या बाजूला, डाव्या हाताशी, एक लहान खिसा. त्यात कापूस टाकायचा नाही. तो बाईचा स्वतःचा. तंबाखूची डबी, डोकेदुखीची गोळी, अलीकडं मोबाइल. एकदा मी विचारलं होतं, हा खिसा मागितला कोणी? आत्या म्हणाली, "मागते कोन? आंगावरचं सगळं मालकाच्या कापसासाठी, मंग तिचं काय?" मला आंदोलनाची भाषा नंतर पुष्कळ लोकांनी शिकवली. शिबिरं केली, पुस्तकं वाचली. त्या खिशाच्या पुढं अजून कोणी गेलेलं नाही.

दसऱ्या-दिवाळीच्या सुट्ट्यांत मला तिच्याकडं सोडत. बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर तिची खोली. मशीनचं तेल आणि मांजरपाटाची खळ यांचा एक मिसळलेला वास दारातच लागायचा. दसऱ्याच्या आधी ती खोली निळी व्हायची. नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या गाड्यांसाठी झेंडे शिवले जायचे. निळ्या कापडाच्या चिंध्या दाराबाहेर उडायच्या, आमच्या केसांत अडकायच्या, वरणात पडायच्या. पंचरंगी झेंड्याच्या पट्ट्या जोडणं सगळ्यात अवघड, कारण एक पट्टी जरा ओढली गेली की झेंडा वाऱ्यावर वाकडा चालतो. आत्या ते शेवटी घ्यायची, एकटी असताना, दार लोटून. शेवटचा झेंडा झाला की मशीनचं तोंड उघडायची. आमच्या घरी अवजारांची पूजा नाही. पण त्या दिवशी मशीनला तेल. कोंबडीच्या पिसानं आतला धागा-भुसा काढायची, एकेका छिद्रात थेंब सोडायची, मग रिकामं पायडल मारत बसायची. दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती नागपूरच्या गाडीत चढायची तेव्हा तिच्या बोटांना तो तेलाचा वास असायचा. मला तोच दसऱ्याचा वास वाटतो.

मशीन तिच्याकडं आली ती लग्नाच्या आधी, तिगावच्या रेल्वे क्वार्टरमधून. तिथल्या एका बाईंचे उशांचे अभ्रे शिवता शिवता आत्या मशीन शिकली. त्यांची बदली झाली, सामान हलकं करायचं होतं, त्यांनी मशीन आत्याला देऊन टाकली. सासरी नेलेल्या सगळ्या सामानात तिनं स्वतः मिळवलेली ही एकच वस्तू होती. तरी सासरी त्या मशीनला म्हणायचे आतोबांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, मशीन. आतोबांनी तिच्यावर कधी एक टाकाही घातला नाही.

तर त्या रविवारी वहिनीनं मला फोन करून सगळं सांगितलं, आणि मी दादाला फोन लावला. भांडायच्या तयारीनं.

"दादा, मशीन मले दे."

"तुले कायले पाहिजे व? तू त मोर्च्यात राहते."

"चालवीन."

"चालवशीन? तुले सुईत दोरा टाकता येत नाई."

"शिकीन. आत्याची मशीन टेबल होऊ देनार नाई मी."

दादा वाईट माणूस नाही. संत्र्याच्या मालाची गाडी चालवतो, दिवसभर धूळ खातो. आई गेल्यावर त्या खोलीत त्याला जाववत नव्हतं हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त राग होता.

"हे पाय प्रज्ञा," तो शेवटी म्हणाला, "घेऊन जा. चालली त तुही. नाई चालली त उलंगवाडीच्या आत मी परत आनीन. हायवेवरच्या ढाबेवाल्याले सांगून ठेवलं आहे, त्याले टेबलाले स्टँड पाहिजे. उगाच भंगार ठेवून कोन काय करन?"

उलंगवाडी म्हणजे शेवटची वेचणी. त्यानंतर वावरात फक्त काड्या उरतात. एवढी मुदत.

मशीन आली ती दादाच्याच गाडीतून, संत्र्याच्या कॅरेटांच्या मधे, गोणपाटात गुंडाळून. मी सोबत होते. मोहगावच्या पुढं रस्ता खराब लागला की दादा गाडी हळू करायचा. एका खड्ड्यात मशीनचं चाक आपोआप अर्धं फिरलं, आतून एक आवाज आला, आणि दादानं आरशात मागं पाहिलं. मीही पाहिलं. घरी उतरवताना तो माझ्या मायला म्हणाला, "मामी, हिले समजाव. ते बंद पडली आहे." माय म्हणाली, "हे कधी समजली आहे का मले, आता समजन?"

आमच्या घरी मग एक नवं आंदोलन सुरू झालं, आणि त्यात माय आणि मी रोज विरुद्ध बाजूंना. मायला मशीन येते. तिनं महिला मंडळाच्या काळ्या मशीनवर सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याचं तिला भारी कौतुक. तिच्या मते सगळ्या मशीन सारख्या. माझ्या मते आधी ही मशीन कोण आहे ते ओळखायला हवं होतं. "कोन आहे म्हन्जे? मशीन आहे," माय म्हणायची आणि चिंधी घ्यायची. जुन्या रॉकेलच्या बाटलीत चिंधी बुडवून तिनं पहिल्याच दिवशी मशीनच्या मानेवरून अशी फिरवली की सोनेरी वेलीचं एक पान चिंधीबरोबर निघून आलं. तेव्हापासून नियम झाला. वरच्या अंगाला कोरडं मऊ फडकं, फार तर तेलाचा थेंब. रॉकेल फक्त आत, जिथं जुनं तेल डिंकासारखं बसलं आहे तिथं.

वेलीच्या मधलं कंपनीचं नाव पुसून गेलं होतं. उजव्या बाजूला लोखंडात ठोकलेला नंबर होता, पण त्याच्यावर काळा रंग चढला होता. मी नखानं, मग बांबूच्या काडीनं तो मोकळा केला. अक्षर आणि आकडे दिसले तेव्हा मला, का कोण जाणे, रडायला आलं. नंबरावरून मशीनचं वय शोधता येतं. शोधलं. देश स्वतंत्र व्हायच्या आधीची निघाली, परदेशी कारखान्यातली. डुप्लिकेट म्हणणाऱ्यांनी एवढंही केलं नव्हतं. त्यांनी डुप्लिकेट म्हटलं ते आत गोल बॉबीन नव्हती म्हणून. आजच्या मशीनमध्ये गोल बॉबीन असते, डबीत बसते. हिच्यात काडीसारखी लांब बॉबीन, ती होडीसारख्या शटलमध्ये बसते, आणि ती होडी सुईच्या बाजूनं पुढं-मागं झोके घेते. ओळखीची वाटली नाही म्हणून खोटी ठरवली. हे आम्हा लोकांना नवीन नाही, पण ते असो.

सुईखालची पट्टी काढली तेव्हा आत नमद्यासारखा जाड थर निघाला. कापसाच्या गावातली मशीन, हवेतच तंतू उडत असतात. ते तेलात भिजून, दाबून, घट्ट झालेले. मी तो काडीनं उचलला आणि उजेडात धरला. वर पांढरं, खाली निळं, त्याखाली पुन्हा पांढरं, पुन्हा निळं, मधे कुठं केशरी-लाल धागा. ओट्या, झेंडे, ओट्या, झेंडे. माय चिंधी हातात धरून बघत राहिली. "शेवटी शेवटी तिले दिसत नव्हतं," ती म्हणाली, "म्हनून साफ झाली नसन." मग आम्ही दोघींनी तो थर टाकला नाही. कागदात ठेवला. भांडण त्या दिवशी झालं नाही.

तेलाच्या छिद्रांतून खोबरेल तेलाचाही वास आला. आत्याला मदत म्हणून कोणी शेजारणीनं घातलं असेल. चांगल्या मनानं घातलेलं तेलही मशीन जाम करतं. रॉकेलनं ते विरघळवून, पुसून, मशीनचं पातळ तेल घालून, चाक हातानं मागं-पुढं करत, मी कित्येक दुपारी घालवल्या. नवा चामडी पट्टा आणला, मापानं कापला, तार घालून जोडला. ढिला राहिला, पुन्हा कापला. एक दिवस पायडल मारलं आणि सगळं फिरलं. चाक, दांडा, शटलचा झोका. माय स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मला वाटलं जिंकले.

नाही. मशीन फिरत होती, शिवत नव्हती. मायनं सुई लावली, तिला येते तशी. दोरा ओवला, तिला येतो तसा. कापड घातलं. दोन टाके पडल्यासारखे झाले आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. कधी खाली गुंता, कधी टाकाच नाही, नुसती सुईची भोकं. सोळा नंबरची सुई बदलून अठराची लावली. दोरा बदलला. गावातल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्याचे पार्ट आता येत नाहीत, नवी घ्या, स्कीममध्ये फ्रीसुद्धा भेटते." स्कीममधली मशीन मी पाहिली आहे. बाईच्या हातात देतात, फोटो काढतात, आणि पुन्हा कोणी विचारत नाही की पट्टा तुटला का. मी ते त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघून दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

दादाचा आठवड्यातून एक फोन. "काय मनते मशीन?"

"दात घासून राहिली."

"घासू दे. दुसरी वेचनी झाली इकडं."

त्यातच शेवंताबाई आल्या. तिगावकडच्या, वेचणीवर जाणाऱ्या. पाण्याच्या पत्रकावर त्यांनी पहिला अंगठा दिला होता, तेव्हापासून ओळख. त्यांच्या पिशवीत आत्यानं शिवलेली एक ओटी होती, खांद्याच्या पट्ट्यापाशी उसवलेली.

"सुमनबाईची मशीन तुह्याकडं आली मनते."

"आली. चालत नाई."

"मंग आनली कायले, बोलत बसाले?" त्या खाली बसल्या, ओटी मांडीवर पसरली. "बाजारातली घेतली व एक. दोन दिसांत खांदा सोलून निघाला. त्याले खिसा बी नाई. मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवला त घामानं मेला. हे एवढी सुदरून दे. हातानं शिवून पायली, टिकत नाई."

"मावशी, थांबा काही दिवस."

"मी थांबतो, कापूस थांबन का?"

ओटी ठेवून गेल्या. आता मशीन चालली नाही तर फक्त टेबल होणार नव्हतं. शेवंताबाईंचा खांदा मधे होता. पत्रकात मी अशा वेळी म्हणते की प्रशासनानं तातडीनं पावलं उचलावीत. इथं प्रशासन मीच होते.

ती दुपार मला नीट आठवते. लाइट गेलेली. माय दाराच्या उजेडाशी मशीनवर बसली होती, पुन्हा एकदा दोरा ओवत. मी कंटाळून खाली फरशीवर, चाकाच्या बाजूला, भिंतीला टेकून बसले. लहानपणी आत्याकडं मी तिथंच बसायची, कारण तिथून फिरणारं चाक दिसायचं. मायनं मान उजवीकडं आणली, सुईच्या जवळ डोळा नेला. मला मायचा अंबाडा दिसला. नुसता अंबाडा, आणि त्यातला काळा आकडा.

आणि मला वाटलं, काहीतरी चुकतं आहे. इथून अंबाडा दिसत नसतो.

इथून चेहरा दिसतो. आत्या दोरा ओवायची तेव्हा मशीनच्या कमानीखालून, सुईच्या पलीकडून, तिचा चेहरा यायचा. एक डोळा बारीक केलेला, ओठांत दोऱ्याचं टोक, आणि दोरा आत गेला की ती त्या कमानीतूनच माझ्याकडं बघून भुवया उडवायची. दरवेळी. त्या चेहऱ्याची वाट बघत मी तिथं बसायची. चाक हे कारण मी मोठी झाल्यावर लावलं असेल.

"माय, तू कोनत्या बाजूनं ओवून राहिली?"

"उजवीकडून. सगळे तसेच ओवतात."

"आत्या डावीकडून ओवायची."

"तुले काय मालूम? तू एवढीशी होती."

"मले तिचं तोंड दिसत होतं."

माय थांबली. तिनं मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग उठून माझ्या शेजारी फरशीवर येऊन बसली, आणि कमानीतून पाहिलं. पुन्हा उठली आणि सुईचा स्क्रू ढिला केला.

आम्ही सुई फिरवून लावली, चपटी बाजू उजवीकडं. दोरा डावीकडून उजवीकडं ओवला. सुईच्या वरच्या तारेच्या कडीत, डाव्या कडेला, केसाएवढी एक चीर होती. दोरा अलगद तिच्यात जाऊन बसला. सुती दोऱ्यानं घासून घासून लोखंडात पाडलेली वाट. ती पहिल्यापासून तिथं होती, आम्ही दोघींनी ती गंज समजून पुसली होती. मंडळाच्या मशीनची सवय या मशीनला लावत बसलो होतो आणि वर तिलाच बिघडलेली म्हणत होतो.

मी मांजरपाटाचा तुकडा घातला. चाक हातानं अर्धं फिरवलं, पाय टाकला. टाका पडला. दुसरा पडला. रांग सरळ चालू लागली, बारीक, घट्ट, खालून-वरून सारखी. पकडीचे दात बसलेली ती होडी आत झोके घेत होती आणि तिला काही झालेलं नव्हतं. माय म्हणाली, "हळू चालव, पळत नाई ते कुठं."

आभार मानायचे म्हणतात तेव्हा लोक आकाशाकडं बघतात. माझे आभार जमिनीवरच्या बायांना आहेत. तिगावच्या त्या बाईंना, ज्यांचं नावही कोणाला आठवत नाही. मायला, जिनं दहा वेळा चुकीच्या बाजूनं ओवलं पण अकराव्यांदा म्हटलं नाही की सोड आता. वहिनीला, जिनं फोन केला. आणि आत्याला, जिनं मला शिवण शिकवलं नाही, कधी जवळ बसवून समजावलं नाही, पण दोरा ओवताना दरवेळी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यावर मशीन चालली. मला कोणी विचारलं की तू मशीन कोणाकडून शिकलीस, तर मी काय सांगू?

दादा आला तो गाडी घेऊनच. वेचणी संपत आली होती, पराटीवर कुठं कुठं किडकी बोंडं उरली होती. मी त्याला फोनवर काही सांगितलं नव्हतं. सांगून त्यानं मानलं नसतं. शेवंताबाईंची ओटी केव्हाच दुरुस्त होऊन वावरात पोचली होती, तिच्यामागून आणखी चार जणींच्या आल्या होत्या. मी त्यांतलीच एक शिवत होते. दारात सावली आली तेव्हा मी मान वर केली नाही. ओळ अर्धी होती.

ओळ संपली, पाय थांबवला. दादा उंबऱ्यावर बसला होता, चपला न काढता.

"बंद कायले केली?" तो म्हणाला.

"ओळ संपली."

"दुसरी घे."

मी दुसरी घेतली. ही मशीन इतर मशीनसारखी वाजत नाही. होडी पुढं जाते आणि मागं येते, त्यामुळं आवाजाला दोन पावलं असतात, कोणी ओसरीवर येरझाऱ्या घालाव्यात तशी. दादा भिंतीला डोकं टेकून ऐकत होता. मायनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं, त्यानं ते उचललं नाही.

"आई माह्या पाळन्याची दोरी पायडलाले बांधून ठेवत होती," तो म्हणाला. माझ्याशी की मायशी, ते कळलं नाही. "शिवते तोपर्यंत पाळना हालते. मशीन थांबली का मी उठतो न बोंबलतो. मनायची, तुह्या पाई मले रिकामं पायडल मारावं लागे, कपडा नसला तरी."

माय म्हणाली, "मंग? आता नेतो का टेबल कराले?"

तो उठला. मशीनपाशी आला, पट्टी सरकवून आतल्या शटलवरची ती पकडीची खूण त्यानं अंगठ्यानं चाचपली. बराच वेळ चाचपली. मग बाहेर जाऊन गाडीतून संत्र्याचं एक कॅरेट आणलं आणि मायसमोर ठेवलं. "ढाबेवाल्याले सांगतो, लाकडाचा टेबल घे मनून," तो म्हणाला. "प्रज्ञा, तेल कोनतं टाकते? आईवालं टाकजो, पातळ. दसऱ्याले टाकजो."

यंदा टाकलं. झेंडे शिवायला मला अजून येत नाहीत, माझी पट्टी ओढली जाते. पण ओट्या येतात. आतल्या खिशासकट. काल दोन गेल्या, उद्या आणखी द्यायच्या आहेत, आणि माझं एक पत्रक त्यामुळं अर्धं राहिलं आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही, हे आमच्या संघटनेतल्या लोकांनी वाचलं तरी हरकत नाही.

आता मागणी. तुमच्या घरात एक मशीन आहे. नाही म्हणू नका. तिच्यावर टीव्ही ठेवला आहे, किंवा गाद्यांची चळत, किंवा ती माळ्यावर आहे आणि दिवाळीच्या आत कोणाला तरी देऊन टाकायचं चाललं आहे. तिच्यावरचं सामान आज खाली काढा. कंपनी नंतर शोधा, किंमत तर विचारूच नका. आधी ती कोणी चालवली ते विचारा, आणि तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं तर पुन्हा विचारा. ती बाई जिवंत असेल तर तिला मशीनपाशी बसवा, हातात दोरा द्या, तुम्ही खाली बसा. आणि ती ओवत असेल तेव्हा तिच्याकडं बघा. मी 'आज' म्हटलं आहे. उद्या नाही.